अनसूचा कुळव आणि गावभरचे तवे

एक गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शोधायला निघाल आणि घरची माणसं माझ्या नावानं बोंब मारतील.

गावाच्या कडेला झोपडी, झोपडीमागं इवलीशी बाग, आणि त्या बागेत अनसू नावाची पोर. पोर कसली, पिटुकलीच! तेलावाचून पिंगट झालेले केस, ठिगळांचा निळा परकर, डोळे मात्र जांभळासारखे टपोरे. तिला आई नव्हती. बाप होता, त्याला ती बापू म्हणायची. बापूनं कुदळीनं सगळी बाग उकरून ठेवली आणि लगेच पेरूच्या झाडावरून पडून उजवा हात मोडून घेतला. बसला मग हात गळ्यात बांधून. इकडं पाऊस सरला, ऊन तापलं, आणि उकरलेली काळी ढेकळं वाळून दगड झाली. मडक्याएवढाली ढेकळं! त्यात रोप लावायचं कुठं?

रोपं तर तयार होती. वांग्याची जांभळ्या देठांची, मिरचीची हिरवी चकचकीत, झेंडूची झालरीसारख्या पानांची. फुटक्या डब्यांत दाटीवाटीनं उभी होती बिचारी, आणि रोज एखादं पान पिवळं पडत होतं. बाग लागली तर घरात चूल पेटणार. नाही लागली तर बाप-लेकीनं झोपडीला कडी घालायची आणि लांब वीटभट्टीवर कामाला जायचं. बापू तसं बोलला होता. तेव्हापासून अनसूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ती काठीनं ढेकळं बडवायची. काठी मोडायची, ढेकूळ नाही. मग ती डब्यांपाशी जाऊन म्हणायची, "थांबा गं बायांनो थोडं. वाळू नका."

एके दिवशी सकाळी बापू म्हणाला, "अनसू, ओढ्याकाठी करंजाखाली आपला कुळव पडलाय बघ."

"तो ट्रॅक्टरचा? केवढा राक्षस आहे तो!"

"सगळा कोण म्हणतंय? त्यातली तव्यांची एक ओळ सोडवली तर बागेपुरती होईल. दोर लावून ओढता येईल. पण पार गंजलाय गं. माझा हात धड असता तर..."

"माझे दोन धड आहेत की," अनसू म्हणाली.

आता हा तव्यांचा कुळव म्हणजे काय, तेही सांगतो. मधे एक जाड, चौकोनी लोखंडी दांडा. त्यात ओळीनं ओवलेले गोल, खोलगट, धारदार लोखंडी तवे. ट्रॅक्टर ओढायला लागला की तवे गरगर फिरतात आणि ढेकळं चिरून भुगा करतात. ट्रॅक्टरवाला गाव सोडून गेला, तेव्हा तो कुळव बापूला देऊन गेला. तेव्हापासून तो करंजाखाली पडून होता.

अनसू विटेचा तुकडा, रॉकेलची बाटली, चिंध्या आणि भला मोठा पाना घेऊन गेली. काय सुंदर जागा होती ती! कुळवावर गारवेल चढली होती, तिला जांभळी जांभळी फुलं. कोळ्याच्या जाळ्यात दवाचे थेंब मोत्यांसारखे अडकलेले. निळे चतुर भिरभिरत होते. अनसूनं वेल न तोडता हळूच बाजूला सारली आणि घासायला बसली. खर्र खर्र, खर्र खर्र. गंजाचे केशरी पापुद्रे तिच्या मांडीवर पडू लागले.

"हळू घास की गं! गुदगुल्या होतात!"

अनसू दचकली. दांड्याच्या टोकाला बेरिंग होतं, त्याच्या फटीतून करंगळीएवढी परी बाहेर आली. परी म्हटलं की तुम्हाला लगेच पांढरा झगा लागतो. नव्हता. हिचा झगा विटकरी, त्याला शेंदरी काठ. केस तांब्याच्या तारेसारखे, पंख चतुराच्या पंखांसारखे, आणि त्यांच्यावर सोनेरी भुकटी.

"तू कोण गं?" अनसूनं विचारलं.

"मी गंजपरी. लोखंड एकटं पडलं की मी त्याच्या सोबतीला येते. लोक म्हणतात मी लोखंड खाते. काहीतरीच! मी त्याला पांघरूण घालते."

अनसूनं चटकन हात मागं घेतला. "अगं बाई! म्हणजे मी तुझं पांघरूण ओरबाडतेय. दुखलं का तुला?"

परी तिच्याकडं बघतच राहिली. "मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत चिमुकलं पाणी चमकलं. "माग अनसू. दोन गोष्टी माग. पण नीट ऐक. हातानं होण्यासारखं काम मागायचं नाही, ते हातानंच करायचं. नवीन काही मला बनवता येत नाही. जे आहे ते मी सोडवून देते, नाहीतर आणून देते. आणि हो, मी शब्द ऐकते हं, मनातलं नाही. तेव्हा तोंड सांभाळून!"

अनसूनं आधी हातानंच केलं. सगळे तवे घासले, बोटं केशरी झाली. दांड्याच्या टोकाचा मोठा नट काही सुटेना. तिनं पाना लावला, पान्याला लोंबकळली, वटवाघळासारखी झोकेसुद्धा घेतले. नट ढिम्म.

"परी, हा नट सुटू दे," ती म्हणाली.

परीनं फुंकर घातली. नट भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला आणि टुणकन गवतात पडला. ओळ मोकळी झाली! पण ओळीत मधेमधे जागा रिकाम्या, दात पडलेल्या पोराच्या तोंडासारख्या. कुणी तवे नेले होते, काही पुरात वाहून गेले होते. एक जागा जरी रिकामी राहिली तरी नट आवळत नाही आणि सगळी ओळ खिळखिळी होते.

अनसूला आनंदात कुठलं भान! ती ओरडली, "सगळे तवे इथं येऊ देत!"

"सगळे?" परीनं विचारलं.

"सगळे! पटकन!"

"बरं बाई."

आता मला सांगा, आई भाकरी कशावर भाजते? तव्यावर. झालं मग!

खण्ण! ओढ्यातून एक हिरवागार शेवाळलेला तवा उसळी मारून वर आला. त्यावर एक खेकडा, नांग्या उगारून, भलताच रागावलेला. खुराड्याकडून दुसरा आला, मधलं भोक बोळ्यानं बुजवलेला, त्यात कोंबड्यांचं पाणी डुचमळत होतं. इथवर ठीक होतं. मग गावातून आवाज यायला लागला. खणखण, ठणठण, टणाटण! घराघरातून, चुलीचुलीवरून, काळे, तांबूस, नवे, जुने, भाकरीचे तवे टुणटुण उड्या मारत रांगेनं निघाले. कुणावर भाकरी अर्धी कच्ची, कुणावर टम्म फुगलेली. आणि मागून अख्खा गाव!

ठमाकाकू पुढं, कोपरापर्यंत पीठ. "अगं ए भवाने! माझा तवा पळवतेस?"

तिच्यामागं ढेरपोटे धोंडूनाना धापा टाकत. "मी आत्ता कुठं पहिला घास घेत होतो!"

"पहिला?" ठमाकाकू म्हणाली. "नाना, अहो पाचव्या भाकरीचा पहिला म्हणा!"

अनसूला रडूच फुटलं. "चुकलं माझं काकू. मला कुळवाचे तवे म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं तवे निघालं."

मग ठमाकाकू फिसकन हसली आणि तिच्यामागं सगळे. परी तेवढ्यात बेरिंगमध्ये दडली. अनसूनं डोळे पुसले, परकराच्या घोळात धरून एकेक गरम तवा उचलला आणि ज्याचा त्याला दिला. कान तुटलेला ठमाकाकूचा. पोचा आलेला नानांचा. शेवटी एकच उरला, सगळ्यांत जाड, सगळ्यांत काळा, वर अर्धी भाजलेली भाकरी.

"माझा तवा आहे का रे तिथं?" गर्दीमागून म्हातारा आवाज आला. गवराक्का होती ती. एकटी राहायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं, काठी टेकत टेकत आली होती.

धोंडूनानानं वाकून पाहिलं. "अरे, ह्याच्या मधोमध चौकोनी भोक आहे! पत्रा ठोकून बुजवलंय. हा तर कुळवाचा तवा! म्हातारे, चोरलास होय?"

"चोरू कशाला मेल्या?" गवराक्का कडाडली. "पुरात माझ्या दाराशी आला वाहून. मला वाटलं, देवानं धाडला. दिसत होतं तेव्हापासून ह्यावर भाजते. आता दिसत नाही, पण ह्याचा खोलगा माझ्या बोटांना ठाऊक आहे. दुसऱ्या तव्यावर हात पोळतो रे." मग तिचा आवाज खाली आला. "पण पोरीचा असला तर पोरीनं ठेवावा. माझं काय, पेज करून पिईन."

आणि ती वळली.

बापूही आला होता. तो म्हणाला, "अनसू, तवा आपला आहे. तुला वाटेल ते कर."

बेरिंगमधून बारीक आवाज आला, "तुझं मागून झालंय गं. हा गेला की दुसरा नाही."

अनसूला पिवळी पानं दिसली. झोपडीची लावलेली कडी दिसली. तिनं ओठ घट्ट मिटले, तवा परकरात धरून उचलला आणि धावत जाऊन गवराक्काच्या पुढं उभी राहिली.

"आजी, गरम आहे हं. पदरानं धरा."

"का गं? कुळवाचा नाही का हा?"

"होता," अनसू म्हणाली. "आता भाकरीचा आहे."

गवराक्कानं तवा पदरात गुंडाळून पोटाशी धरला. धोंडूनाना उगाच खाकरला, घाम पुसला आणि म्हणाला, "चला रे, बघता काय? ओळ उचला पोरीची."

सगळ्यांनी मिळून ओळ बागेत आणली. आलेले तवे घासून ओवले. एकच जागा रिकामी राहिली. बापूनं तिथं बाभळीचा ठोकळा बसवला, दोर लावला, माणसांनी जोर केला. फाट्! ठोकळा दुभंगला. सगळे तवे लडखडून आडवे झाले.

बापू बांधावर मटकन बसला. अनसू डब्यांपाशी गेली आणि सगळ्या डब्यांना मिळून एक मिठी मारली. तिच्या गालावरून टपटप पाणी रोपांवर पडत होतं.

तेव्हा तिच्या खांद्यावर काहीतरी हलकंसं बसलं. गंजपरी.

"मागितलेलं देऊन झालं," परी तिच्या कानात म्हणाली. "आता न मागितलेलं देते."

"पण तुला नवीन बनवता येत नाही ना?"

"नाही येत. जे आहे ते देता येतं. आणि मी आहे ना, वेडाबाई!"

अनसूला कळलं. "नको गं! तुला दुखेल."

"दुखेल कशानं? जन्मभर मी निजलेल्या लोखंडाच्या उशाशी बसून राहिले. मला एकदा फिरायचंय अनसू. मातीतून गरगर फिरायचंय."

तिनं अनसूच्या गालावर शेंदराच्या टिकलीएवढा पापा घेतला आणि उडाली. रिकाम्या जागी जाऊन उभी राहिली, हात पसरले आणि गिरकी घेतली. झगा फुलला, विटकरी, मग केशरी, मग सोनसळी. गिरकी वाढली, उजेड वाढला. पंखांवरची भुकटी सगळ्या बागेवर भुरभुर पडली. अख्ख्या गावानं डोळ्यांवर हात घेतले. एक पांढराशुभ्र लखलखाट झाला, आणि परी नव्हती.

रिकाम्या जागी एक तवा होता. पातळ, गोल, आरशासारखा झळझळीत.

बापू उठला आणि डाव्या हातानं नट आवळला. धोंडूनानानं दोर छातीला लावला, ठमाकाकूनं पदर खोचला, आणि ओळ चालली. कर्रर्र! ढेकळं चुरमुऱ्यांसारखी फुटत गेली. मागं मऊ, भुसभुशीत, काळी माती, कारळ्याच्या चटणीसारखी. उन्हं कलायच्या आत सगळी रोपं जमिनीत उभी होती. गवराक्कासुद्धा वाफ्याशी बसून चाचपत चाचपत मुळांवर माती लोटत होती.

बाप-लेक कुठं गेली नाहीत. दोन-तीन महिन्यांत बागेत जांभळी वांगी लोंबायला लागली, मिरच्या लाल झाल्या, आणि झेंडू तर असा फुलला की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. बापूचा हात जुळला. अनसूचे केस तेलानं काळेभोर झाले. गावातल्या कुणाचीही बाग असो, कुळव तिकडं जायचा, आणि अनसू त्याच्याबरोबर.

काम झालं की ती सगळे तवे चिंधीनं पुसायची. त्या झळझळीत तव्यापाशी आली की जरा थांबायची.

"थकलीस का गं?" ती हळूच विचारायची.

वारा नसायचा, कुणी हात लावलेला नसायचा. तरी तो तवा, तेवढा एकच, खुशीत एक गिरकी घ्यायचा.

अनसूची बाग लागली, तशी तुमचीही लागो. जा आता, खेळा.