तेल लावायचं राहिलं

“ते सगळं कळलं हो. पण दोन्हींत चांगला कोणता?”

काउंटरवर मोटारीचे दोन एअर फिल्टर ठेवले होते. एक साधा, कागदी घड्यांचा. मळला की फेकायचा आणि नवा घालायचा. दुसरा जाळीत बसवलेल्या सुती कापडाचा. तो मळला की धुवायचा, वाळवायचा, तेलाचा हात द्यायचा आणि पुन्हा बसवायचा.

विचारणारे निवृत्त पोस्टमास्तर होते. चष्मा कपाळावर चढवून ते दोन्ही फिल्टर आलटून पालटून हुंगत होते.

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. नांदेडच्या आपल्या दुकानात भगीरथ हा प्रश्न दिवसातून चारदा ऐकायचा आणि चारही वेळा धुवायच्या फिल्टरवर बोट ठेवायचा. आत्ताही त्यानं बोट उचललंच होतं.

फोन वाजला. परभणीहून शैला बोलत होती, नागोराव उस्तादांची मुलगी.

“भगीरथदादा, बाबा गेले. पहाटे, झोपेतच.”

उचललेलं बोट कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

“मास्तर,” तो म्हणाला, “नंतर सांगतो.”

त्यानं शटर ओढलं आणि गाडी काढली.

परभणीच्या वाटेवर त्याला आठ महिन्यांपूर्वीची दुपार आठवत राहिली.

त्या दिवशीही तो याच गाडीनं गेला होता. उस्तादांचं गॅरेज जिंतूर रस्त्यावर, खडी क्रशरच्या अलीकडे. पत्र्याची शेड आणि समोर एक लिंब, बारा महिने धुळीनं पांढरा. भगीरथनं अकरा वर्षं तिथं उस्तादांच्या हाताखाली पाने-पकडी उचलल्या होत्या. इंजिनावर लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून उस्ताद आतलं दुखणं सांगायचे. ते कधी चुकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्या अकरा वर्षांत एकदाही ते त्याला शाबास म्हणाले नव्हते. तेवढ्यासाठीच तो आला होता.

“उस्ताद, एकदा तुमच्या तोंडानं सांगा. चांगला कोणता?”

उस्ताद जीपखालून सरपटत बाहेर आले. वय चौऱ्याहत्तर. कानामागं खडू.

“कुणासाठी?”

“गाडीसाठी.”

“गाडी कुठं विचारतीय? तू विचारतोयस.”

भगीरथ हसला. मग त्यानं दुकानात म्हणायचा तोच पाठ म्हटला. कागदी फिल्टर किती वेळा बदलत बसायचा? हा एकदा घातला की झालं. हवा मोकळी येते. इंजिनाला दम येतो. आयुष्यभर बघायला नको.

“आयुष्यभर...” उस्ताद म्हणाले. “कुणाच्या?”

उस्ताद गाडीकडं वळले.

“बॉनेट उघड.”

उस्तादांनी फिल्टरची पेटी उघडली. सुती फिल्टर अलगद उचलून बाजूला ठेवला. मग हात पुढं केला.

“रुमाल दे. तुझा पांढरा.”

रुमाल बोटाला गुंडाळून त्यांनी फिल्टरच्या मागच्या नळीत घातला. फिल्टर नीट असेल तर ती नळी स्वच्छ असते. बोट गोल फिरवून त्यांनी बाहेर काढलं.

रुमालावर मातीची रेघ होती.

“बसवून किती झाले?”

“दोन वर्षं.”

“धुतलास कितीदा?”

भगीरथनं लिंबाकडं पाहिलं...

“नांदेडात पाण्याची लई टंचाई दिसते,” उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच तो फिल्टर धुवायला घेतला. आतून बाहेर, बारीक धारेनं, घडीमागून घडी. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसा. दोन वर्षांची माती खाली वाहिली. भगीरथ बघत राहिला. पान्यांनी निबर झालेली ती बोटं कापडाला लागत होती की नाही, हेसुद्धा समजत नव्हतं.

फिल्टर त्यांनी सावलीत, तारेवर टांगला.

“वाळायला किती वेळ?”

“उद्यापर्यंत.”

“कॉम्प्रेसर आहे की, उस्ताद! हवा मारली की दोन मिनिटांत...”

“सूत विरतं. विरलेल्या सुतातनं धूळ आत जाते, अन् वरून काहीच दिसत नाही.”

“मग उन्हात?”

रुमाल झटकून उस्ताद म्हणाले, “रहा आज. शैलाला पिठलं टाकायला सांगतो. सकाळी तेल लाव अन् जा. तेल पातळ लागलं पाहिजे, सगळ्या घड्यांना सारखं. जास्त झालं तर पुढं जाऊन हवा मोजणारा सेन्सर खराब करतं. त्याला तसा हात लागतो. तुझा आहे.”

“दुकान आहे, उस्ताद. थांबता येत नाही.”

“बरं.”

ते शेडमध्ये गेले आणि खोक्यातून एक फिल्टर घेऊन आले. साधा, कागदी. तो त्यांनी भगीरथच्या गाडीत बसवला आणि पेटीच्या क्लिपा लावल्या.

भगीरथचे कान तापले.

“माझ्या गाडीत हा? गिऱ्हाइकानं बघितलं तर हसेल की मला!”

“हा जाणाऱ्यासाठी असतो. त्यात वाईट काही नाही.”

“आणि तो?”

“तो परत येणाऱ्यासाठी.”

“येतो की! पुढच्याच रविवारी.”

उस्तादांचा हात कानामागच्या खडूकडं गेला.

खडूची त्या गॅरेजात एक रीत होती. हातातलं काम अर्धं टाकून कुणी नुसता जेवायला गेला, तरी बॉनेटवर खडूनं लिहून जायचं. काय झालं ते नाही. काय राहिलं ते. पहिल्याच आठवड्यात भगीरथनं ऐटीत लिहिलं होतं, ‘ब्रेक झाले’. उस्तादांनी ते बाहीनं पुसलं होतं.

“झालेलं गाडी सांगते,” ते तेव्हा म्हणाले होते. “राहिलेलं माणसानं सांगावं.”

तो रविवार गेला. त्याच्यानंतरचाही. एकदा दुकानाचा रंग काढला होता, एकदा मेहुण्याच्या घरी साखरपुडा होता, आणि मग कारण शोधायचीही गरज उरली नाही. गाडी चांगली चालत होती.

आजही चांगली चालत होती. कागदी फिल्टर निमूट धूळ अडवत होता.

वसमतच्या पुढं कधीतरी भगीरथला ते दोन शब्द पुन्हा ऐकू आले. *तुझा आहे.* अकरा वर्षं ज्या शाबासकीसाठी कान लावून बसला, ती त्या दुपारी मिळाली होती. तो तेव्हा घड्याळ बघत होता.

...

दुपारी सगळं उरकलं. माणसं पांगली. शैलानं त्याला गॅरेजात नेलं.

“तुमचं काहीतरी आहे म्हणायचे बाबा. आम्हाला हात लावू देत नव्हते. आठवड्याला एकदा काढून बघायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे.”

“कधी फोन करून बोलावलं नाही मला?”

“मी करते म्हटलं होतं, दादा. नको म्हणाले. त्याला ठाऊक आहे म्हणाले.”

पत्र्याच्या भिंतीवर, खिळ्याला ते लटकत होतं. त्याचाच पांढरा रुमाल, धुऊन स्वच्छ केलेला. आत फिल्टर. सूत कोरडं, मोकळं, कुठंही विरलेलं नाही. खालच्या फळीवर तेलाची बाटली होती. तिचं झाकण उघडलेलं नव्हतं.

बाटलीच्या वर, पत्र्यावर, खडूनं एक ओळ लिहिली होती. अक्षरं जाड झाली होती. पुसट होतील तशी ती कुणीतरी पुन्हा पुन्हा गिरवली होती.

हस्ताक्षर उस्तादांचं.

‘भगीरथचा फिल्टर. तेल लावायचं राहिलं.’