झाकणावरचं कुंकू

“पण महाराज, तिघांतलं खरं कुणाचं? तेवढं सांगा, की मी निघालो.”

शंभूगिरी महाराज मटार सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग उघडली, दाणे परातीत टाकले आणि टरफल शेळीपुढे केलं.

दिगंबर शेटे थांबले. भांड्यांच्या दुकानात त्यांनी हयात काढली होती. समोरचा गप्प बसला की भाव थोडा उतरवायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण महाराजांपुढे कसला भाव उतरवणार?

मठ आंबेखिंडीत, घाटाच्या माथ्यावर. पायथ्याच्या गावी शेट्यांची सासुरवाडी, आणि दुपारी तिथं शालनताईंच्या भाचीचा साखरपुडा. नव्या मोटारसायकलवर बायकोला मागं बसवून, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत मांडवाशी उतरायचं, हे शेटे केव्हापासून मनात घोळवत होते. आणि ऐन खिंडीत ब्रेक दाबला, तर शिऱ्यात बोट जावं तसा दांडा मऊमऊ आत गेला.

शालनताई तिथंच उतरल्या. आता त्या पिशवी मांडीवर घेऊन मठाच्या पारावर बसल्या होत्या. या गाडीवर परत बसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तेच पुन्हा सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

“तिघे कोण?” महाराजांनी विचारलं.

“डबीत ब्रेकचं ऑइल जरा कमी दिसलं, म्हणून विचारलं. एक सासरे. एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होते. म्हणाले, ब्रेक ऑइल म्हणजे डॉट थ्री, आमच्या गाड्यांनी त्याच्यावरच घाट काढले. बाटली हातात ठेवली. मग मेव्हणा. त्यानं मस्कतहून डॉट फाइव्ह आणलं. जांभळं, अत्तरासारखं. आणि आपले गॅरेजवाले यासीन उस्ताद. ते म्हणतात डॉट फोर. त्यांनी त्यांच्या बाटलीतलं दिलं. पावसाळ्यापासून उघडी होती म्हणा, तोंडाला चिंधी…”

“मग तू काय घातलंस?”

शेटे घुटमळले.

“तिन्ही,” पारावरून शालनताई म्हणाल्या.

“थोडं थोडं,” शेटे म्हणाले. “माझं घेतलं नाही असं कुणी म्हणायला नको.”

“क्लचमध्येही घातलंय,” शालनताई म्हणाल्या. “त्याला वाईट वाटायला नको.”

महाराजांनी शेळीकडे पाहिलं. शेळीनं महाराजांकडे.

आता यात शेट्यांचा तरी काय दोष? दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, या एका गोष्टीवर त्यांनी दुकान उभं केलं होतं. कुणी तांब्या मागितला आणि तो नसला, तर ते कळशी दाखवत. गिऱ्हाईक कळशी घेऊन जाई आणि वर नमस्कार करी.

“मिसळल्यावर काय होतं, ठाऊक होतं तुला?”

शेटे सावरून बसले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

“पाठ आहे, महाराज. थ्री आणि फोर एका जातीचे. फाइव्ह सिलिकॉनचं, त्याचं या दोघांशी जमत नाही. शिवाय बाटली उघडी राहिली की हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. उतारावर ब्रेक तापला की ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि मग दांडा दाबला तरी गाडी थांबत नाही. मी गिऱ्हाइकांना समजावून सांगतो हे सगळं.”

“भांड्यांच्या?”

“कल्हई होईपर्यंत बसलेले असतात बिचारे.”

“आणि तरी ओतलंस.”

“महाराज, सासरे समोर उभे होते…”

महाराजांनी परात सरकवली. हात झटकून, पाण्याचा तांब्या घेऊन ते गाडीपाशी गेले. शेटे मागोमाग.

हँडलच्या उजव्या बाजूला ब्रेक ऑइलची डबी, डाव्या बाजूला क्लचची. दोन्हींच्या झाकणांवर हळदीकुंकवाचे थर. दसऱ्याला पहिलं बोट लागलं होतं, मग दर अमावास्येला त्याच्यावर एक. उन्हानं त्याची खपली धरली होती आणि तीत अक्षता रुतून बसल्या होत्या.

“हे उघडलंस कसं?”

“स्क्रू तेवढे हळूच मोकळे केले. पूजेचं कुंकू पुसायचं कसं? नवी गाडी आहे.”

महाराजांनी उपरण्याचं टोक तांब्यात बुडवलं.

“महाराज…”

महाराजांनी उजवं झाकण पुसलं. शेट्यांनी डोळे मिटून घेतले.

“वाच.”

“चष्मा घरी राहिला.”

“माई, तू ये.”

शालनताई पारावरून उतरल्या, वाकल्या. कारखान्यातच उमटवलेली इंग्रजी अक्षरं होती. त्या मराठीत सांगत गेल्या.

“फक्त डॉट फोर वापरा. सीलबंद बाटलीतलंच.”

त्यांनी बोटानं झाकणाची कड आणखी पुसली.

“वर अजून एक ओळ आहे.”

“वाच.”

“उघडण्यापूर्वी झाकण पुसून घ्या.”

…

शालनताईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि डावं झाकणही पुसलं. “इथंही तेच,” त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणं शेट्यांना जास्त लागलं.

“आता सासऱ्यांना काय सांगू?”

“तुमचं नाही चालत, म्हणावं,” महाराज म्हणाले.

“आणि साखरपुडा?”

“दुधाचा टेम्पो खाली जाईल आता. कॅनच्या मधे उभं राहता येतं.”

शेट्यांनी गाडीकडे पाहिलं. टाकीत त्यांचा चेहरा चकचकीत दिसत होता. मग घाटाकडे पाहिलं. मग पिशवी उचलून रस्त्याकडे निघालेल्या बायकोकडे.

त्यांनी किल्ली काढून महाराजांच्या हातात दिली.

“उद्या उस्तादांना घेऊन येतो. आतलं सगळं काढून टाकतो. नव्या बाटलीचं सील इथं, आपल्यासमोर फोडतो.”

महाराजांनी मान हलवली.

रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न वाजला. शेटे दोन पावलं गेले आणि परत आले. कुठूनही रिकाम्या हातानं उठायची त्यांना सवय नव्हती.

“तेवढा चिमूटभर अंगारा द्या, महाराज. गाडी एकटी राहणार. दोन्ही झाकणांना लावतो.”

महाराजांनी पाराशेजारच्या धुनीतून चिमूट उचलली. शेट्यांनी तळहात पुढे केला. महाराजांनी तो हलकेच बाजूला सारला आणि अंगारा शेट्यांच्या कपाळाला लावला.

“इथं चालेल. इथलं लिहिलेलं तसंही कुणाला वाचता येत नाही.”