पांढरीच्या ब्रेकचा पाइप

गाड्या एकमेकींशी मोकळेपणी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. विश्वासरावांची पांढरी मोटार वर्षातून एकदा, दसऱ्याला, हार घालून फाटकापर्यंत जाई आणि परत कव्हरखाली शिरे. अठरा वर्षांत तिचं धावणं जेमतेम दोन-चार किलोमीटर. शेजाऱ्यांच्या खटारा जीपकडे ती ढुंकूनही पाहत नसे.

एका सकाळी विश्वासरावांची मुलगी मुक्ता तान्ह्या बाळाला घेऊन मोटारीत बसली. घाट उतरून सासरी जायचं होतं.

"पांढरे, ब्रेकचा पाइप कधी बदलून घेतलास का गं?" जीपने विचारलं.

"वापरलाच नाही, तर बदलायचा कशाला? तुझ्यासारखी भटकी आहे का मी?"

"अगं बाई, रबर काय फक्त धावूनच म्हातारं होतं?"

मुक्ताने ब्रेक दाबून पाहिला आणि पांढरीला कळून चुकलं. पाइपला चीर गेली होती. दात-ओठ आवळून फाटकाबाहेर पडता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण पुढे घाट होता. आत बाळाला उचक्या लागल्या होत्या. आणि इथे कबूल केलं, तर ती जीप जन्मभर हसणार!

पांढरीने डोळे मिटले आणि पाइप सैल सोडला. स्वच्छ फरशीवर तेल पसरत गेलं.

"मुक्ता, उतर! बाळाला घे आधी!" विश्वासराव ओरडले.

मायलेकरांना घाटाखाली जीपनेच नेलं. निघताना ती हसली नाही. "मेकॅनिक येईल गं," एवढंच म्हणाली, "त्याला सगळं खरं सांग."