आडबंदरचा चिनी पट

आडबंदरच्या खाडीकाठी देवीच्या देवळात वर्षातून एकदा एक चिनी पट उलगडतात. हातभर रुंद कागद, त्यावर कुंचला फारसा न उचलता धावत्या हातानं लिहिलेल्या काळ्या ओळी, बाजूला तांबडे शिक्के. पाहुण्यांनो, लगेच वाहवा करायची इथे रीत नाही. ओहोटी लागली की बसायचं, हवेत बोट धरून एकेका ओळीमागून फिरवायचं आणि भरती लागेस्तोवर उठायचं नाही. असं का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. चाच्यांनी खाडीत शिरून बंदर जाळलं, त्याला म्हणे वर्षही झालं नव्हतं. धाकू तांडेल, म्हणजे गावच्या होड्यांचा म्होरक्या, त्यात धाकटा भाऊ गमावून बसला होता. तेव्हापासून त्याला सरळ माणूस दिसेचना. अशात फुटलेल्या जहाजावरचा एक चिनी माणूस किनाऱ्याला लागला. अंगावर चिंध्या, पण मेणानं बंद केलेल्या बांबूच्या नळीत हा पट कोरडा ठाक! धाकूच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

माणूस रोज पट उलगडून बसे आणि हवेत बोट फिरवी. धाकू मागे उभा राहून बघे. ओळ कुठे जाड, कुठे केसाएवढी बारीक, मध्येच वळण. चिखलातून जाणारी खाडीची वाटच ती! आणि तांबडे शिक्के म्हणजे पाण्याखालचे खडक.

"ह्येना आपल्या खाडयेची वाट काढल्यान हा," त्यानं गावाला सांगितलं. "उद्या चाच्यांका दाखयतलो."

"अवो, तो नुसतो बसान बघता," त्याची बायको सुभद्रा म्हणाली. "बघणाऱ्याक कोण बुडयता?"

पण गावही पोळलेलंच होतं. एका सकाळी ओहोटीबरोबर त्या माणसाला बिनवल्ह्याच्या होडीत बसवून समुद्राकडे ढकललं. त्यानं फक्त पटासाठी हात पुढे केला. धाकूनं तो दिला नाही.

मग आपलंच खरं करून दाखवायला धाकू पट घेऊन दुसऱ्या होडीतून एकटाच निघाला, कागदावरच्या ओळीबरहुकूम वळत. तिसऱ्याच वळणावर होडी चिखलात रुतली. आता पाणी येईपर्यंत सुटका नव्हती. संशय अजून फिटला नव्हता. चुकलं कुठे ते शोधायला त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. शाई भरली होती तिथे लिहिणाऱ्याचा हात रेंगाळला होता, सुकली तिथे धावला होता. हळूहळू त्याच्या बोटाला ते कळू लागलं. एका ठिकाणी लिहिलेलं खोडलं होतं आणि पुन्हा लिहिताना हात थरथरला होता. भावाच्या तिरडीची गाठ मारताना त्याचा स्वतःचा हात असाच थरथरला होता. कुणाचं तरी माणूस गेलंय, एवढं त्याला एक अक्षर न वाचता समजलं. भर उन्हात तो हमसून हमसून रडला.

भरती येताच त्यानं त्या माणसाच्या होडीमागे जिवाच्या आकांतानं वल्ही मारली. खाडीच्या मुखापलीकडे नुसतं पाणी होतं. परतल्यावर त्यानं पट देवीपुढे ठेवला आणि गावाला बजावलं, की ओहोटीभर नीट बघितल्याशिवाय कुणाबद्दल तोंड उघडायचं नाही.

पटावर काय लिहिलंय, ते आम्हाला ठाऊक नाही. पण आजही त्या दिवशी तांडेलांच्या घरातला एक माणूस पट बघायला बसत नाही. भरती लागली की तो जादा वल्ही घेऊन खाडीबाहेर जातो आणि अंधार पडायच्या आत एकटाच परततो. मागल्या वर्षी एका पाहुण्यानं त्याला विचारलं, कशाला जाता? होडी ओढता ओढता तो म्हणाला, "तेका परत आणूक जावचा रवला हा."