चितेपाशी न शिवलेला घास

पूर्वी कुंभवती नगरीच्या श्मशानात बोधिसत्त्व कुत्रा होऊन राहत होते. त्या वेळी राजा कोण होता ते विचारू नका. श्मशानात राजाचं काय काम? तो यायचा तोही एकदाच.

त्या नगरीची एक रीत होती. मढं चितेवर ठेवलं की पायाशी तूपभाताचा घास मांडायचा. श्मशानातल्या कुत्र्याने तो खाल्ला, म्हणजे गेलेल्याची काही इच्छा उरली नाही असं समजून अग्नी द्यायचा. बोधिसत्त्वांचं पोट त्याच घासावर चाले. माणसाच्या मनातलं त्यांना वासावरून कळे. दुःखाचा वास वेगळा, रागाचा वेगळा. मेलेल्याला मात्र असला कुठलाच वास नसे.

एका भर दुपारी नंदिय कुंभाराने आपल्या बायकोला, रेवाला, तिथे आणलं. माती खणताना तिला साप चावला होता. ओठ निळे पडले होते, अंग गार होतं, वैद्याने नाडी पाहून मान हलवली होती. नंदियाने घास मांडला आणि सगळे बाजूला झाले.

बोधिसत्त्व उपाशी होते. धावत आले आणि घासापाशीच थबकले. रडणाऱ्यांच्या दुःखाचा वास येत होता, पण त्यात दुसरा एक वास मिसळला होता. तो ताज्या भीतीचा होता, आणि तो चितेवरून येत होता.

"इच्छा राहिलीय हिची," सासू म्हणाली. "बाई गं, तुझं लेकरू मी सांभाळीन."

घास तसाच राहिला.

"तुझी चांदीची वाळी लेकीलाच देईन. धाकट्या सुनेला नाही देणार," सासू पुन्हा म्हणाली.

"रेवा, मी दुसरी करणार नाही," नंदिय हात जोडून म्हणाला.

प्रत्येक वचनासरशी भीतीचा वास वाढत गेला. चितेवरची ते ऐकत होती.

नंदियाचा भाऊ सुदास वैतागला. "कुत्र्याच्या किती नादी लागायचं?" म्हणत तो पेटती चूड घेऊन पुढे आला. तेव्हा बोधिसत्त्व तो घास ओलांडून चितेवर चढले आणि रेवाच्या अंगावर पसरले. चुडीने त्यांची पाठ भाजली. ते हलले नाहीत. भेदरलेल्या पिल्लाला चाटावं तसे तिचा गाल चाटत राहिले.

सासू त्यांना ओढायला गेली आणि तिचा हात थांबला. रेवाच्या मिटलेल्या पापणीतून पाणी ओघळत होतं.

"नंदिया," ती हळूच म्हणाली, "मेलेलं माणूस रडतं का रे?"

नंदियाने हातांनीच लाकडं उपसली. दिवस मावळताना रेवाचे ओठ हलले.

"मला सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "माझं मात्र त्या एकट्यालाच ऐकू आलं."

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "तेव्हाची रेवा म्हणजे ही भिक्षुणी सोमदत्ता, आजही चूड पाहिली की जी मागे सरते. सुदास म्हणजे आज सकाळी विहाराच्या दारातून कुत्र्याला काठीने हाकलणारा हा भिक्षू. आणि तो कुत्रा मीच होतो."

भिक्षूने काठी खाली ठेवली.

आपली भूक विसरून ज्याला बोलता येत नाही त्याचं भय ओळखणं, याचंच नाव करुणा.