ओंजळभर वरी

सह्याद्रीचा घाट उतरून जिथे कोकण सुरू होतं, तिथे आंबेरखिंड नावाचं एक लहानसं गाव होतं. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सिदोबा महाराज त्या गावी आले आणि चातुर्मासासाठी वहाळाकाठच्या देवीच्या देवळात राहिले. महाराजांचा एक नेम होता. देवळाच्या पायरीवर उभं राहिल्यावर जेवढं शिवार दिसेल, तेवढ्यात पिकलेलंच अन्न ते घेत. कोणी बंदरावरून काही आणून पुढे ठेवलं, तर हसून ते शेजारच्याच्या हातावर ठेवत.

आंबेरखिंडीत आश्विनातल्या पौर्णिमेला नव्याची पुनव म्हणत. त्या दिवशी प्रत्येक घरातून ओंजळभर नवं धान्य यायचं, देवळापुढच्या एकाच मोठ्या हंड्यात शिजायचं, आणि देवीला नैवेद्य दाखवून सारा गाव एका पंगतीला बसायचा. ज्या धान्याची ओंजळ हंड्यात पडली नाही, त्यातला दाणाही घरात कोणी तोंडात घालायचा नाही. मुलांनो, नियम कडक वाटेल. पण भूक लागलेली असताना आधी दुसऱ्याची आठवण ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर ठकूबाई राहायची. नवरा वारलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. उतारावर पाणी ठरत नाही, तिथे भात होत नाही, म्हणून ती वरी पेरायची. जुनं धान्य संपून आठ दिवस झाले होते. कणगीत नवी वरी होती, पण पुनव झाली नव्हती. सासूसुना अळू आणि रानातले कंद उकडून खात होत्या. म्हातारी रोज सकाळी विचारायची, "पुनव कधी गं?" आणि ठकूबाई बोटांवर दिवस मोजून सांगायची.

आता भात दोन तऱ्हेचं असतं. हळवं भात लवकर तयार होतं, पुनवेच्या आत कापायला येतं. गरवं उशिरा, दिवाळीच्या सुमाराला. हळव्याचा तांदूळ जाडा, गरव्याचा बारीक आणि वासाचा. गावचे खोत आप्पाजीराव मनाने वाईट नव्हते, पण आपल्या गावचा तांदूळ चार गावांत नावाजला जावा, अशी त्यांना फार हौस. त्या वर्षी त्यांनी घरोघर गरव्याचं बियाणं वाटलं आणि हळवं कोणी पेरायचं नाही, असं बजावलं. देवीच्या हंड्यासाठी गाव हळवं का राखून ठेवतो, याचा त्यांना विसर पडला.

पुनव उजाडली. लोंबी दाबली की दाण्यातून दूध निघत होतं. साऱ्या शिवारात नव्या भाताचा एक दाणा नाही! खोतांनी मात्र बंदरावरून दोन पोती बारीक तांदूळ आणवला होता. तो हंड्याशेजारी ओतून ते रुबाबात उभे राहिले. बायांनी लाल भोपळे आणले, काकड्या, अळू, नारळ आणले. सगळ्यांच्या शेवटी ठकूबाई आली. सुपात पहाटे उखळात कांडलेली ओंजळभर वरी होती.

खोतांनी सुपात डोकावून पाहिलं. "काय गं ठके, आज सण आहे की एकादशी? साऱ्या गावाला उपास घडवतेस का?"

माणसं हसली.

"धनी, एवढीशीच आहे. हंड्यात पडू द्या. घरात म्हातारी वाट बघत्ये."

"मोत्यासारख्या तांदळात ही वाळू कालवू? जा, बस तिकडे. पंगतीला जेव पोटभर."

ठकूबाई सूप घेऊन पायरीच्या कडेला बसली. हसल्याचं तिला काही वाटलं नाही, तेवढं तिला सवयीचं होतं. पण ही ओंजळ हंड्यात पडली नाही तर घरातली वरी घरातच राहणार, आणि उद्या सकाळी म्हातारीला काय सांगायचं? तिने पदर तोंडाशी धरला.

महाराज सारं पाहत होते. त्यांनी खोतांना विचारलं, "रावजी, हा तांदूळ कुठल्या पाण्यावर पिकला?"

"ते कोणाला ठाऊक, महाराज? व्यापारी म्हणाला नवा आहे, झालं की."

महाराज "बरं" म्हणाले आणि बायांच्या घोळक्यात बसून नारळ खवू लागले.

चुलवण पेटलं, आधण आलं, तांदूळ वैरले. भाजी शिजली, पानं मांडून झाली, पण भात काही होईना. आचाऱ्याने शीत दाबून पाहिलं, तर आत खडा. पाणी आटलं, पुन्हा ओतलं. लाकडं संपली, पुन्हा आणली. तीन वेळा आधण झालं तरी दाणा जसाच्या तसा कडक! ऊन डोक्यावर आलं. पंगतीत लहान मुलं रडू लागली. खोतांचा चेहरा उतरला. ते पुटपुटले, "ओतून टाका वहाळात. दुसरं काहीतरी बघू."

तेव्हा महाराज उठले.

महाराज म्हणाले, "अन्न टाकू नये, रावजी. त्याचा काही दोष नाही. परगावचा पाहुणा आहे तो, दारात अवघडून उभा आहे. घरच्या कोणीतरी हात धरून त्याला आत आणायला हवं." आणि पायरीकडे वळून त्यांनी हाक मारली, "माय, तुझी वरी आण."

ठकूबाई सूप घेऊन हंड्यापाशी आली. "महाराज, एवढीशी वरी, एवढा मोठा हंडा..."

"तू घाल तर खरी."

तिने डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि ओंजळ हंड्यात सोडली. महाराजांनी वर केळीचं पान झाकलं. पाच श्वास जातात न जातात तोच पानाच्या कडेने वाफ आली आणि नव्या धान्याचा गोड वास साऱ्या अंगणात पसरला. पान काढलं तर हंडा काठोकाठ फुललेला, शीत न् शीत मोकळं, आणि जिथे पाहावं तिथे वरीचा बारीक दाणा! गाव दोनदा वाढून घेऊन जेवला, तरी हंड्यातला भात खाली गेला नाही. महाराजांनीही पानावर घेतला. म्हणाले, "पाहुणा आता घरचा झाला."

खोत मात्र जेवायला बसले नव्हते. त्यांनी स्वतः एक द्रोण भरला आणि ठकूबाईला म्हणाले, "ठकूबाई, पुढे चला. तुमच्या सासूबाईंना हा मीच नेऊन देतो."

दोघं चढ चढून वर आली. दारात खोत थबकले. हातात द्रोण, पण पाऊल उचलेना.

आतून म्हातारीचा क्षीण आवाज आला. "आलीस गं? पुनव झाली? दारात कोण उभं आहे?"

"पाहुणे आहेत, आत्याबाई. देवीचा घास घेऊन आलेत."

"मग बाहेर का गं उभे? हात धरून आत आण त्यांना."

देवळातले महाराजांचे शब्द या अंथरुणापर्यंत कधी आणि कसे पोचले? खोतांनी द्रोण ठकूबाईच्या हाती दिला, ते गुडघ्यावर बसले, आणि ज्या उंबऱ्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यावर त्यांनी कपाळ टेकलं. ठकूबाईने पुढे होऊन हात दिला आणि त्यांना आत घेतलं.