निर्दोष लग्नाचा शाप

एका राज्यात राजघराण्यातले लग्न ठरले की लोक आनंदाने बाहेर पडत नसत. दारे लावून घेत. त्या घराण्यातले एकही लग्न आजवर चुकले नव्हते. फूल कोमेजले नव्हते, पाहुणा रुसला नव्हता, मुहूर्त पळभरही ढळला नव्हता. आणि दर वेळी, अक्षता पडताच, ज्याने त्या लग्नाची व्यवस्था पाहिली त्याचे मन देह सोडून निघून गेले होते.

हे घडे ते एका वचनामुळे. राजा रणधवलाच्या आजीने तरुणपणी अव्यंगनाथ नावाच्या मायावी पुरुषाला बोलावून म्हटले होते, "माझ्या लेकीच्या लग्नात कोणाला बोट ठेवायला जागा नको." अव्यंगनाथ म्हणाला, "तुझ्या वंशातल्या कोणत्याच लग्नात ती नसेल. मात्र लग्नाचा विडा जो उचलील, त्याचे मन माझे." राणीने मान डोलावली. तेव्हापासून कोणी विडा उचलल्याशिवाय त्या वाड्यात मांडवाचा खांब जमिनीत उभाच राहात नसे. रोवला की आडवा होई.

रणधवलाच्या लग्नाचा विडा त्याची थोरली बहीण मालिनीदेवी हिने उचलला होता. ती आकाशातले तारे वाचणारी विदुषी. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि ती सज्जातून सज्जात फिरत, दिसेल त्याला विचारी, "पाट मांडले का? मामीकडचे जेवले का? अत्तर कोणी लावले?" उत्तर दिले तरी ती पुन्हा तेच विचारी. आपल्या भावाला ती ओळखत नसे.

आता रणधवलाची एकुलती एक लेक इंदुलेखा हिचा विवाह राजपुत्र सुकेतूशी ठरला. मुलीची आई तिच्या लहानपणीच वारली होती. भर दरबारात चांदीच्या तबकात विडा ठेवला गेला. प्रधानाने खाली पाहिले. सेनापतीने खाली पाहिले. काका-मामा छताची नक्षी न्याहाळू लागले.

राजा सिंहासनावरून उठला. "बाप मी आहे. विडा माझा," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

त्याच्या आधी इंदुलेखेने विडा उचलला व तोंडात घातला.

"हे काय केलेस?" राजा ओरडला.

"राज्याला राजा शुद्धीवर हवा, बाबा. लग्न माझे आहे. भोग मी भोगीन."

त्याच क्षणी तिच्या कानाशी पंख फडफडल्यासारखा आवाज झाला. तो थांबला नाही.

खांब उभे राहिले. कामे सुरू झाली. मावशी म्हणाल्या, वरातीत हत्ती हवेत. मामा म्हणाले, घोडेच हवेत. एक काकू म्हणाल्या, पंगतीत गोडाचे सहा प्रकार. दुसऱ्या म्हणाल्या, सहाने नाक कापले जाईल. इंदुलेखा सगळ्यांना हो म्हणत गेली. जेवायला बसे आणि घास हातात घेऊनच उठे. मग एका सकाळी केस विंचरताना तिने आई म्हणत असे ती अंगाई गुणगुणायला घेतली, आणि तिला शब्द आठवेनात. पहिला शब्दही आठवेना. तिच्या हातून फणी गळाली.

तिने सुकेतूला निरोप धाडला: "लग्न दोघांचे आहे. माझे मन हळूहळू जात आहे. ते परत आणायला मी अव्यंगनाथाकडे निघाले आहे. यावेसे वाटले तर यावे."

सुकेतू आला. बरोबर लवाजमा नव्हता. एक घोडा आणि खोगिराला बांधलेली शिदोरी, एवढेच.

"हे मला आधी का कळवले नाही?" त्याने विचारले.

"आपण मागे फिराल, असे वाटले."

"फिरलो नाही," तो म्हणाला. दोघे निघाले.

अव्यंगनाथाच्या वनात सगळी झाडे एका उंचीची होती. एकही पान किडलेले नव्हते, एकही वाट वाकडी नव्हती. वनाच्या मध्यात पांढरा महाल होता व महालाच्या ओसरीवर पिंजरे टांगलेले होते. पिंजऱ्यांतले पक्षी माणसांच्या आवाजात बोलत होते. "दिवे लागले का? मानाची पाने दिली का? वऱ्हाडाला पाणी मिळाले का?" एक साळुंकी गजांवर डोके आपटत विचारत होती, "पाट मांडले का?"

"आत्याबाई!" इंदुलेखा कळवळली. साळुंकीने तिच्याकडे पाहिले नाही.

त्या पिंजऱ्याशेजारी एक पिंजरा रिकामा होता. त्याचे दार उघडे होते.

अव्यंगनाथ बाहेर आला. त्याचे वय कळत नव्हते. त्याच्या वस्त्रावर चुणी नव्हती. "विडा उचललास तेव्हाच तुझे मन इकडे निघाले," तो म्हणाला. "अर्धे आलेच आहे."

"ते मला परत हवे. या सगळ्यांचीही मने परत हवीत."

"तीन कामे सांगतो. केलीस तर शाप मिटेल. एकातही चुकलीस तर हा पिंजरा तुझा."

"आणि मी?" सुकेतूने विचारले.

"तू घरी जाशील. तुझे लग्न निर्दोष होईल. वधू सुंदर दिसेल. फक्त तू कोण आहेस, हे तिला ठाऊक नसेल."

इंदुलेखेने सुकेतूकडे एकदा पाहिले. "कामे सांगा," ती म्हणाली.

पहिले काम एका दालनात होते. त्याच्या भिंतींवर दगडी मुखवटे होते. आजोबांचे, आत्यांचे, मामांचे, शेजाऱ्यांचे. "सावली त्या खांबाला टेकण्याआधी ही तोंडे शांत कर," असे म्हणून अव्यंगनाथाने दार लावले. मुखवटे एकदम बोलू लागले. हत्ती आणा! मंडप पूर्वेला हवा! मंडप पश्चिमेला हवा! आमच्या घरी असे नसते! इंदुलेखा एकेकापुढे धावली. एकाचे ऐकले की दहा खवळत. दहांची समजूत घातली की पहिला पुन्हा ओरडे. सावली सरकत होती. धावता धावता तिला वडिलांना हाक मारावीशी वाटली, आणि त्यांचे नाव आठवेना.

ती थबकली. सुकेतूने पाण्याचा चंबू पुढे केला. ती खाली बसली, सावकाश पाणी प्यायली. मग उठून सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या मुखवट्यापुढे उभी राहिली.

"आजोबा, हत्ती आणायचे ठरले. त्यांना चारा-पाणी आपण पाहाल?"

मुखवट्याचे तोंड मिटले.

"काकू, बारा पक्वान्ने करायची. चुलीपाशी आपण बसाल?"

ते तोंडही मिटले. ती भिंतीभिंतीने गेली, प्रत्येकाला मानाने हाक मारली व प्रत्येकाला विचारले, "हे आपण कराल?" दालन निःशब्द होत गेले. कोपऱ्यातला एका म्हातारीचा मुखवटा मात्र म्हणाला, "दारातली रांगोळी ना? मी काढीन हो." त्याबरोबर दगड हलला आणि भिंतीतून एक वृद्ध बाई खाली उतरली. पदर सावरून ती ओसरीवर जाऊन बसली. सावली खांबाला टेकली, तेव्हा कोणीच बोलत नव्हते.

दुसरे काम महालामागे होते. तिथे खोल दरी होती, दरीवर हातभर रुंदीचा पूल, आणि अलीकडे अंगणभर पेटलेल्या पणत्या. "वारा सुटायच्या आत सगळ्या पलीकडे ने. एकही विझता कामा नये," अव्यंगनाथ म्हणाला.

इंदुलेखा दोन पणत्या घेऊन गेली, परत आली, पुन्हा दोन घेतल्या. अंगण भरलेलेच दिसत होते. दूरवरची झाडे हलू लागली होती.

"मला द्या," सुकेतू म्हणाला.

"नको. आपल्याला जमणार नाही. वात कोणत्या अंगाला धरायची, तेल किती..."

बोलता बोलता ती गप्प झाली. तो तिचा आवाज नव्हता. तसाच घाईचा, तसाच चिरका आवाज ओसरीवरच्या पिंजऱ्यांतून येत होता. तिने हातातल्या पणत्यांकडे पाहिले, आणि त्या सुकेतूच्या हातात दिल्या.

मग ती पिंजऱ्यांकडे धावली. एकाही पिंजऱ्याला कुलूप नव्हते. आतले पक्षी सगळ्याची चिंता करण्यात इतके गुंतले होते की दार लोटून पाहायला कोणाला सवड झाली नव्हती. तिने दारे उघडली.

"आत्याबाई, ही एवढी एकच पणती आपली. ती पलीकडे न्यायची. बाकीचे आपल्याला कोणी विचारणार नाही."

"एकच?" साळुंकीने विचारले.

"एकच."

साळुंकीने पणती चोचीत धरली आणि ती उडाली. तिचे बोलणे थांबले. इंदुलेखेने राघूला एक दिली, कोकिळेला एक दिली, हात दुखेपर्यंत देत राहिली. सुकेतू पणत्या वाकड्या धरत होता, तेल सांडत होता. ते पाहून तिच्या जिवाची घालमेल होत होती; तिने तिकडे पाठ केली. वारा सुटला तेव्हा अंगण रिकामे होते आणि पलीकडचा काठ उजळला होता.

"मी एकटीनेच न्यायच्या, असे आपण म्हणाला नव्हता," ती म्हणाली. अव्यंगनाथाने तिसरे दार उघडले.

आत लग्नमंडप होता. मध्ये दोन चौरंग, समोर पाण्यावर तरंगणारे, वेळ मोजायचे घटिकापात्र आणि शेजारी तो रिकामा पिंजरा. "पात्र बुडेपर्यंत दोघे बसा. मंडपातल्या कशालाही हात लावायचा नाही," तो म्हणाला. "एवढेच?" सुकेतूने विचारले. अव्यंगनाथ हसला.

दोघे बसले. तोरणाचा दोरा तुटला व आंब्याची पाने खाली लोंबली. मग हार विस्कटला, मुंडावळी गळून पडल्या, तूप ओघळून अंतरपाटावर डाग उमटला. मायावी पाहुणे मंडपात येऊन बसले. "राजाच्या घरचे लग्न, आणि ही दशा?" ते कुजबुजले. शेवटी तिचे वडील आले. तो भास आहे हे तिला ठाऊक होते. त्यांनी डागाकडे पाहिले, मान खाली घातली, आणि ते मंडपाबाहेर चालते झाले.

इंदुलेखेचा हात उचलला गेला. अंतरपाट फक्त उलटा करायचा होता. डाग आत गेला असता. पिंजऱ्याचे दार करकरले. आपण कुठे आहोत हे तिला आठवेना. शेजारी कोण बसले आहे, हेही आठवेना.

"मला भूक लागली आहे," शेजारचा माणूस म्हणाला.

ती दचकून वळली. तो शिदोरी सोडत होता. "ही मंडपातली नव्हे. मी घरून आणली आहे. तुम्हीही सकाळपासून उपाशी आहात." त्याने भाकरीचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला.

तिचा हात अंतरपाटाकडून भाकरीकडे वळला. पहिला घास पोटात गेला आणि तिला आठवले: हा सुकेतू. हा निरोप मिळताच निघून आला होता. तिने दुसरा घास घेतला. पाहुणे चवताळून उठले. मांडवाचा एक खांब कलला, पंचपात्री उलटली. ती चावत राहिली, त्याच्याकडे पाहात राहिली. डोळ्यांतून पाणी वाहात होते, पण हात अंतरपाटाकडे गेला नाही.

घटिकापात्र बुडाले.

"पण तो डाग!" अव्यंगनाथ किंचाळला. "सगळे पाहात आहेत! तो तसाच ठेवणार?" तो धावत आला आणि अंतरपाट चोळू लागला. डाग पसरला. त्याने हार सारखा केला, तोरण सुटले. तोरण बांधले, हार विस्कटला. तो तेच करीत राहिला. त्याच्याकडून आता कोणाला भय उरले नव्हते. दोघे बाहेर पडले, तेव्हाही तो एक पान सरळ करीत होता.

पक्षी आपापल्या माणसांकडे उडाले. ज्यांची माणसे केव्हाच वारली होती, ते महालावर एक घिरटी घालून उंच गेले आणि दिसेनासे झाले.

इंदुलेखा घरी पोचली, तेव्हा मालिनीदेवी वेशीवर उभी होती. समोर राजा होता. ती त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहात होती.

"धवल, तुझे केस कधी रे पिकले? आणि तुझी राणी कुठे आहे? तिच्या अंगावरची हळद अजून ओली होती."

राजाने तिला सांगितले. ती तिथेच मातीत बसली आणि रडली. तिच्यासाठी ते दुःख आजचे होते.

"मुहूर्त टळेल, महाराज," प्रधान म्हणाला.

"टळू द्या," इंदुलेखा म्हणाली. "दुसरा काढू. आज आत्याबाईंपाशी कोणीतरी बसायला हवे." आणि ती स्वतः बसली.

पुढे लग्न झाले. पाहुणे ओळखीचे तेवढेच होते, पक्वान्ने दोन होती. भिंतीतून उतरलेल्या म्हातारीने दारात रांगोळी काढली, एकीने हळदीचे पाहिले, एकाने पंगतीचे, एकाने वाजंत्र्यांचे. वाजंत्री उशिरा आले. भटजी मंगलाष्टकात एक ओळ विसरले. वराचे चुलते मागच्या पाटावरून रुसले, मग जिलबी पाहून बसले. जेवणे अर्ध्यावर आली, तेव्हा नवरी सुकेतूच्या खांद्यावर डोके टेकून भर पंगतीत झोपी गेली होती.

एक काकू तिला उठवायला निघाल्या. मालिनीदेवीने त्यांचा हात धरला.

"झोपू दे तिला," ती म्हणाली. "वाढायला आपण आहोत."